सतरा नंबरच्या लेकी

“म्हंजी माशांस्नी बी आजपास्नं सुट्टी म्हणायची?” भागूमावशीनं विचारलं.

मी पत्र दुसऱ्यांदा वाचत होते. पोस्टमन आमच्या निवळी मुऱ्यावर, डोंगरमाथ्यावरच्या त्या वस्तीवर, आठवड्यातून दोनदाच चढून यायचा. त्यामुळे तीस मार्चचं पत्र माझ्या हातात पडलं ते तीन एप्रिलला. आम्ही दोघी मधमाशी संशोधन केंद्राच्या ओसरीवर उभ्या होतो. केंद्र म्हणजे वनखात्याची जुनी दोन खोल्यांची चौकी. मागे उतारावर जांभळीच्या सावलीत एकतीस मधपेट्या आणि खाली कोयनेच्या धरणाचं पाणी.

“नीट सांगा की. काय लिवलंय?”

“काम थांबवा म्हणतात. पेट्या, सामान, नोंदवह्या, सगळं कुलूपबंद करायचं. तुला आणि मला कामावरून कमी केलंय, एकतीस मार्चपासून.”

“चार दिस झालं की मग. आन् मी काल दिसभर मुंग्या चढू न्हाईत म्हून पेट्यांच्या पायाखालच्या वाट्यांत पानी भरत व्हते.” ती हसली.

त्या वर्षी निवडणुका लागल्या होत्या. सरकारनं पूर्ण अर्थसंकल्प मांडला नव्हता. चार महिन्यांचा खर्च भागवण्यापुरतं लेखानुदान घेतलं होतं. लेखानुदानातून चालू कामांना पैसे मिळतात, नव्या कामाला दमडी मिळत नाही. आमच्या प्रकल्पाची तीन वर्षं एकतीस मार्चला संपली होती आणि पुढच्या दोन वर्षांचा प्रस्ताव मंत्रालयात पडून होता. पत्रात एकच कळीचं वाक्य होतं. प्रकल्पाचा दुसरा टप्पा ही ‘नवीन बाब’ समजण्यात येत आहे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. हेमलता खबाले, एम.एस्सी., कनिष्ठ संशोधन सहायक, तेही कंत्राटी. भागू आखाडे पंचेचाळिशीची, गवळी धनगरांच्या मुऱ्यावरची, रोजंदारीवर. लहानपणापासून बापाबरोबर कड्याकपारीतली मोहळं शोधत हिंडलेली. माशांबद्दल मला जे पुस्तकातून ठाऊक होतं ते तिला हातांना ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी या डोंगरांत माशांवर रोग आला होता. पोळ्यातल्या अळ्या पाण्यानं भरलेल्या पिशव्यांसारख्या फुगायच्या आणि मरायच्या. शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव पेट्या वर्षभरात ओस पडल्या. ज्यांच्या घरात तीन पिढ्या मध निघायचा त्यांनी पेट्या चुलीत घातल्या. आमच्या डॉ. पोंक्षे सरांनी मग उलटा प्रश्न विचारला. ज्या चार-पाच पेट्या जगल्या, त्या का जगल्या? त्यांनी गावोगावहून अशा पेट्या गोळा केल्या आणि निवळीला आणून ठेवल्या. काही वसाहतींतल्या माशा आजारी अळी लवकर ओळखतात आणि रोग पसरायच्या आत बाहेर नेऊन टाकतात, असा त्यांचा अंदाज होता. हे पाहण्यासाठी आम्ही शंभर अळ्या टाचणीनं टोचून मारायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहायचो, किती साफ झाल्या. बहुतेक पेट्यांत चाळीस-पन्नास. सतरा नंबरच्या पेटीत नव्वदच्या वर. मग आम्ही सतरा नंबरच्या राणीपासून नव्या राण्या केल्या आणि त्यांच्या आठ पेट्या वसवल्या. भागूमावशी त्यांना ‘सतरा नंबरच्या लेकी’ म्हणायची.

पण टाचणीनं मारलेली अळी वेगळी आणि रोगानं मेलेली वेगळी. खरा रोग येईल तेव्हा या लेकी टिकतील का? याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, कारण त्या तीन वर्षांत रोग आमच्याकडे फिरकलाच नाही.

मी लाँचनं पलीकडे जाऊन सरांना पुण्याला फोन लावला.

“पत्र मलाही आलंय,” सर म्हणाले. “मी दोनदा मंत्रालयात जाऊन आलो. ते म्हणतात, जुलैत पूर्ण अर्थसंकल्प येईल, तेव्हा बघू.”

“सर, जुलैपर्यंत पेट्या कुलूपबंद कशा ठेवणार? त्या काय टाइपरायटर आहेत?”

“हेमलता, लेखी आदेश आहे. काम चालू ठेव, असं मी तुला सांगू शकत नाही.” सरांनी आवाज खाली आणला. “आणि थांबव, असं मी अजून सांगितलेलं नाही.”

मी परत आले ती खोका भरायलाच. कारण माझ्या बॅगेत दुसरंही एक पत्र होतं. कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कायमची नोकरी, दादानं खटपट करून मिळवलेली. दहा एप्रिलपर्यंत हजर व्हायचं होतं. महिनाभर मी ते पत्र कुणाला दाखवलं नव्हतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी भागूमावशीला सांगितलं.

“बरं झालं की,” ती म्हणाली. “तुमच्या आईबापाला बी बरं. पर परवा पाच तारीख हाय.”

दर महिन्याच्या पाच, पंधरा आणि पंचवीस तारखेला आम्ही सगळ्या पेट्या उघडून नोंदी करायचो.

“आता कसली पाच तारीख, मावशी?”

“पेट्या मी उघडीन. पर मला लिवता येत न्हाई. येवढी पाच तारखंची नोंद लिवून द्या आन् मग जावा.”

मी पाच तारखेची नोंद लिहिली. सरांचा नियम होता, प्रत्येक पानावर दोघांची सही हवी, म्हणजे एकाची नजरचूक दुसऱ्याच्या लक्षात येते. माझ्या सहीखाली भागूमावशीनं नेहमीसारखा अंगठा उठवला आणि पदराला पुसला.

आठ तारखेला दादाच आला न्यायला. उन्हात चढून चढून त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“आवरलंस का?”

“दादा, पंधरा तारखेची एक नोंद करून येते. त्यांना विचार ना, चार दिवस उशिरा चालेल का.”

“चार दिवस? हेमे, दीडशे अर्ज होते त्या जागेला! आणि इथं तुला पगार कोण देतंय?”

“कुणी नाही.”

“मग कुणासाठी करतेस?”

दादा पेट्यांकडे बघत राहिला. “अप्पांनी माश्या पाळायला एम.एस्सी. केलं होय तुला?” असं वडिलांचं नाव काढून म्हणाला, पण आवाज चढवला नाही. तसं बोललेलं जास्त लागतं. भागूमावशीनं दिलेलं ताक पिऊन तो दुपारच्या लाँचनं गेला. कारखान्यात जाऊन त्यानं माझ्यासाठी वीस तारखेपर्यंतची मुदत मागून घेतली, हे मला नंतर कळलं.

पंधरा तारखेला चार नंबरची पेटी उघडली आणि भागूमावशीचा हात थांबला.

“म्याडम, हिकडं या.”

तिनं पेटीतली चौकट उन्हाकडे धरली. पोळ्याच्या कोपऱ्यात दहा-बारा घरांची झाकणं कुरतडलेली होती. आत अळ्या, डोकी वर करून ताठ पडलेल्या. मी चिमट्यानं एक उचलली. ती पाण्याच्या थेंबासारखी लोंबली.

रोग आला होता.

तीन वर्षं ज्याची वाट पाहिली, तो आम्हाला कामावरून काढल्यावर पंधराव्या दिवशी आला. मी खाली दगडावर बसले. पुढच्या दीड-दोन महिन्यांत कुठली पेटी मरते आणि कुठली जगते, तेवढंच पाहायचं होतं. तेवढ्यासाठीच तर सगळं होतं. आणि आत्ता कुलूप लावलं तर जुलैत आम्हाला फक्त रिकाम्या पेट्या आणि भरलेल्या पेट्या दिसल्या असत्या. काय झालं, कसं झालं, ते कुणालाच कळलं नसतं. रोग परत येईपर्यंत आणखी किती वर्षं जातील, तेही सांगता येत नव्हतं.

वीस तारखेला मी दादाला पत्र टाकलं, नोकरीवर येत नाही असं. चार ओळींचं. पुढे दोन महिने घरून एकही पत्र आलं नाही.

भागूमावशी सकाळी स्वतःच्या म्हशींचं उरकून यायची. मी तिच्याकडेच जेवत होते. नाचणीची भाकरी, ताक आणि कधी करवंदाची चटणी. मध काढायचा नाही असं आम्ही ठरवलं. आषाढात माशांना साखरेचा पाक द्यावा लागतो आणि साखर आणायला आमच्याकडे काही नव्हतं. त्यांचा मध त्यांनाच राहू दिला.

पंचवीस एप्रिलपर्यंत सात पेट्यांत रोग पसरला. चार नंबरच्या माशा एका सकाळी उठल्या आणि पेटी सोडून दरीत निघून गेल्या. पुढची नोंद पाच मेला व्हायची ती सहाला झाली, कारण भागूमावशीच्या सुनेचं बाळंतपण निघालं होतं. तोपर्यंत चौदा पेट्या. मी रोज सतराच्या लेकींसमोर पांढरी कापडं अंथरत होते. सकाळी त्या कापडांवर मेलेल्या अळ्या पडलेल्या असायच्या, नीट बाहेर आणून टाकलेल्या. आत पोळं स्वच्छ. पहिल्या दिवशी मला वाटलं, योगायोग असेल. पंधरा मेच्या सुमारास भागूमावशीच म्हणाली, “घर झाडत्यात बघा पोरी. रोग उंबऱ्याच्या आत यिऊ दीत न्हाईत.”

मेच्या अखेरीस सरांचा निरोप आला, फोन कर. मी पलीकडे गेले. नोंदी चालू आहेत, हे मी त्यांना मागेच कळवलं होतं.

“मंत्रालयातले कक्ष अधिकारी येतायत, रणपिसे म्हणून. सामान ताब्यात घेऊन सील लावणार. परवा.” सरांचा आवाज थकलेला होता. “ऐक, एप्रिलपासूनची पानं नोंदवहीतून वेगळी काढ आणि माझ्याकडे पाठवून दे. आपण निष्कर्ष पुढे कधीतरी वापरू. पण रणपिसेंच्या हाती ती पडायला नकोत.”

“का सर?”

“लेखी आदेश मोडून तू दोन महिने सरकारी सामान वापरलंस. त्यांनी तेवढं टिपणात लिहिलं तरी तुला पुन्हा कुठल्या सरकारी जागेवर घेणार नाहीत. माझं काय, मी दोन वर्षांत निवृत्त होईन. तुझं आयुष्य पुढं आहे.”

सर माझ्या भल्याचंच सांगत होते. परतीच्या लाँचमध्ये मी ठरवूनही टाकलं. नोंदवही दोऱ्यानं शिवलेली होती. ब्लेडनं पानं काढली तर पटकन कळलं नसतं.

मी फळीवरून ब्लेड काढून घेत होते तेव्हा भागूमावशी नातवाला छातीशी धरून आली. मी तिला सरांचं म्हणणं सांगितलं.

“फाडायची?” ती म्हणाली. “त्यावर माझा आंगठा हाय.”

“म्हणून तर. तुझ्यावरही येईल.”

“माझ्यावर काय यील? मी काय खोटा आंगठा दिलाय व्हय?” ती माझ्याकडे बघत राहिली. “म्याडम, ह्या वहीआदी माझा आंगठा दोनच जागी लागला. सोसायटीच्या कागदावर आन् अभयारण्याच्या वक्ताला जिमिनीच्या कागदावर. दोनी बारीला कागदात काय हाय ते मला ठाव नव्हतं. ह्या वहीत मला ठाव हाय. मी बगितलंय, मी सांगितलंय, तुमी लिवलंय.”

ती नातवाला थोपटत निघून गेली. मी ब्लेड फळीवर परत ठेवलं.

रणपिसे साहेब आले ते धापा टाकत. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, हातात फायलींची कापडी पिशवी. सोबत एक शिपाई, त्याच्याकडे लाखेचा डबा आणि सुतळी. पाणी पिऊन त्यांनी चष्मा पुसला आणि आधी पेट्या मोजल्या. मोजताना एका माशीनं त्यांना कानाच्या पाळीला डंख मारला. भागूमावशी झटकन पुढे झाली, नखानं काटा खरवडला आणि वर चुरडलेला पाला दाबला. “चोळू नगा सायेब, इख आत जातं.” ते गोंधळून उभे राहिले.

मग ओसरीवर बसून म्हणाले, “नोंदवह्या?”

मी चारही पुढे केल्या. चालू नोंदींची चौथी सगळ्यात वर ठेवली.

त्यांनी चौथी उघडली. पान उलटलं, मग परत मागे गेले. शिपाई लाख तापवू का विचारत होता, त्याला त्यांनी हातानं थांबवलं.

“पाच एप्रिल,” ते म्हणाले. “पंधरा, पंचवीस. हे काय आहे, मॅडम?”

“नोंदी आहेत, साहेब.”

“आदेश कधी मिळाला?”

“तीन तारखेला.”

“मग आदेशानंतर काम करायला कुणी सांगितलं? पोंक्षेंनी?”

“नाही. कुणीच नाही. मीच केलं.”

“म्याबी,” भागूमावशी खांबाआडून म्हणाली.

“पगार? मजुरी?”

“नाही घेतली.”

ते पुन्हा वाचू लागले. “इथं पंचवीसनंतर एकदम सहा मे आहे. अकरा दिवस होतात.”

“एक दिवस उशीर झाला. मावशीच्या सुनेचं बाळंतपण होतं.”

“तसं लिहायला हवं होतं.”

“लिहिलंय साहेब. त्याच पानाच्या मागे.”

त्यांनी पान उलटलं. तिथं लिहिलेलं होतं. तारीख, कारण, सही, अंगठा. पहिल्यांदाच त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं.

“साहेब, चूक झाली असेल तर माझी आहे,” मी म्हणाले. “हिला सांभाळून घ्या. आणि सील लावणार असाल तर एवढा महिना तरी—”

“थांबा. चूक कुठली ते मला ठरवू दे.” त्यांनी पिशवीतून फाईल काढून मांडीवर ठेवली. “आमच्या फाईलप्रमाणे तुमचा प्रकल्प एकतीस मार्चला संपला. संपलेलं काम पुन्हा सुरू करायचं तर ती नवीन बाब होते. म्हणून आम्ही तसं पत्र काढलं. चार महिने नवीन बाबीला हात लावता येत नाही. मी आज इथं आलो असतो, शेवटची नोंद पंचवीस मार्चची दिसली असती, तर सील लावून परत गेलो असतो. माझाही इलाज नव्हता.”

त्यांनी नोंदवहीवर हात ठेवला.

“पण हे काम संपलेलंच नाही. एक दिवसाचाही खंड नाही, आणि जो एक दिवस चुकला त्याचंसुद्धा कारण लिहिलंय. न थांबलेलं काम म्हणजे चालू बाब. चालू बाबीला लेखानुदानातून पैसे देता येतात. नियमातच आहे. आम्ही कागदावरून समजलो की काम थांबलंय, म्हणून थांबवलं.”

मी लाखेच्या डब्याकडे पाहिलं. “म्हणजे... सील?”

“मी फक्त टिपण लिहिणारा माणूस आहे, मॅडम. सही वरच्यांची. ते नाही म्हणू शकतात.” मग फाईलची नाडी बांधत म्हणाले, “पण टिपण मी चांगलं लिहितो.”

शिपायानं लाखेचा डबा बंद केला. जाण्याआधी रणपिसे साहेबांनी विचारलं, रोगाचं काय झालं? मी त्यांना सतराच्या लेकींपाशी नेलं. ते पाच हात लांब उभे राहिले, एक हात कानावर ठेवून. एक माशी मेलेली अळी ओढत दारातून बाहेर आली, कापडाच्या कडेपर्यंत गेली, तिथं ती टाकली आणि परत आत गेली. साहेब तेच बघत होते. “आमच्या कार्यालयात असं कुणी करत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

पत्र आलं बावीस जूनला. तोवर आम्ही पाऊस लागला म्हणून पेट्यांवर गवताची छपरं घालून बसलो होतो. रोगात बाकीच्या बावीस पेट्यांपैकी सोळा गेल्या. सतराच्या आठही लेकी आणि सतरा नंबर स्वतः जिवंत होती. ‘सदर प्रकल्प चालू बाब म्हणून, एक एप्रिलपासून खंड न मानता...’ असं वाक्य होतं. मी ते मोठ्यानं वाचलं. भागूमावशीला शब्द कळले नाहीत, पण मी वाचता वाचता रडतेय हे दिसलं. तिनं आत जाऊन दूध जास्त घातलेला चहा करून आणला.

दादा गणपतीत आला. या खेपेस त्यानं न्यायचा विषय काढला नाही. जाताना अप्पांसाठी मधाची बाटली मागितली. मी म्हटलं, या वर्षी मध काढलाच नाही. तो म्हणाला, मग पुढच्या वर्षी. मी निवळीला त्यानंतर एकोणीस वर्षं काढली.

पण सांगायची राहिली ती त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. त्या हंगामात आम्ही लेकींच्या पेट्या विभागल्या आणि पहिल्या सहा वसाहती बाहेरच्या लोकांना द्यायच्या ठरल्या. पहिला माणूस पलीकडच्या काठावरून आला. गेणू सपकाळ त्याचं नाव, सत्तरीचा. त्याच्या बारा पेट्या चार वर्षांपूर्वीच्या रोगात मेल्या होत्या. त्यानंतर त्यानं मधाचं नावही काढलं नव्हतं. त्याची लेक त्याला जवळजवळ ओढूनच घेऊन आली होती.

माशा घरी परतेपर्यंत आम्ही थांबलो. दिवेलागणीला भागूमावशीनं पेटीचं दार ओल्या गवतानं बंद केलं, सुतळीनं आवळलं आणि पेटी म्हाताऱ्याच्या हातात दिली.

“जड हाय गं,” तो म्हणाला.

“भरल्यालं घर हाय, आबा. जडच असनार.”

आम्ही धक्क्यापर्यंत सोबत गेलो. लाँचमध्ये त्यानं पेटी खाली ठेवायला नकार दिला. मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्याभोवती टाकले आणि वाकून झाकणाला कान लावला. लाँचवाल्यानं इंजिन सुरू केलं तशी त्यानं वर बघून एक हात उंचावला.

“बंद कर, बंद कर जरा,” तो ओरडला. “ऐकू यिऊ दे.”

लाँचवाल्यानं इंजिन बंद केलं. धक्क्याच्या कडेनं लाँच नुसती पाण्यावर डोलत राहिली, आणि कुणीच घाई केली नाही.